भिंतीवरची तिरकी माणसं

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाठीवर पडून लिहितो आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत. पेन वर धरलं की शाई उतरत नाही, म्हणून दुकानातली जाड पेन्सिल मागवून घेतली. वही लेकीने दिली. मला बघायला दोन दिवस येऊन गेली आणि जाताना म्हणाली, "बाबा, आईचं डोकं खाण्यापेक्षा यात लिहा." तिला काळजी माझी आहे की आईची, ते त्यावरून कळत नाही.

झालं ते असं. न्हाव्याच्या दुकानात भिंतभर आरसा बसवायचा होता. मी आणि मेहुणा गेलो होतो. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. आमच्या फ्रेमच्या दुकानात तो पहिल्यापासून माझ्याबरोबर आहे. तो स्क्रूचा डबा आणायला टेम्पोकडे गेला, तेवढ्यात मला वाटलं, थांबायचं कशाला? एकट्याने आरसा उचलला आणि उचलल्या अंगाने भिंतीकडे वळलो. कमरेत कोणीतरी पाना घालून पिळल्यासारखं झालं. आरशात माझंच तोंड होतं, आणि त्या तोंडातून असा आवाज निघाला की खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठून उभं राहिलं.

आरसा मात्र मी नीट खाली टेकवला आणि मगच बसलो. त्याला ओरखडासुद्धा नाही. दुकान काढल्यापासून माझ्या हातून काच फुटलेली नाही, हे इथे लिहून ठेवतो.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, स्नायू दुखावलाय, मणक्यातली एक गादी थोडी दाबली गेलीय, ऑपरेशनची गरज नाही. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. आमची मुंगी अजून घरातून निघालेली दिसत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

व्यायामाच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. वय माझ्या लेकीएवढं, पायात पळायचे बूट. मला कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हातांच्या जोरावर उठायला शिकवलं. तेवढं बरं होतं. पण पुढे म्हणाल्या, "काका, आता पडून राहायचं नाही. थोड्या थोड्या वेळाने उठायचं, घरातल्या घरात चालायचं. वजन उचलायचं नाही, झटकन वळायचं नाही. दुखणं वाढलं तर थांबा. पण दुखेल या भीतीने थांबू नका."

मी म्हटलं, "बाई, सांधा निखळलेली चौकट आम्ही सरस लावून शिकंज्यात आवळून ठेवतो. ती सरस वाळायच्या आत कोणी हलवून बघतं का?"

त्या म्हणाल्या, "माणूस म्हणजे चौकट नव्हे, काका."

हे त्यांचं मत झालं. माझ्या वडिलांची पाठ गेली होती तेव्हा ते फळीवर महिनोन् महिने निजून होते, कूस बदलायलाही माणूस लागे. उठले ते बरे होऊनच उठले. पुढे जन्मभर थोडे वाकून चालत, पण ते वयामुळे.

मी उठणार नाही असं मी दोघींना स्पष्ट सांगितलं. ही नुसती हसली. डॉक्टरीणबाईंना पोचवायला गेली, ती बराच वेळ दारातच बोलत उभी. एक वाक्य मला ऐकू आलं: "यांना पूर्वेला पाठवायचं असेल, तर पश्चिमेला जाऊ नका म्हणावं लागतं." कोणाबद्दल बोलत होती कोण जाणे. बायकांना महत्त्वाचं सगळं दारात उभं राहिल्यावरच आठवतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज उठावं लागलं. नाइलाज होता.

आमच्या घराच्या भिंतींबद्दल लिहायला हवं, म्हणजे कळेल. फ्रेमवाल्याकडे माणसं फोटो टाकून जातात आणि कधी कधी न्यायलाच येत नाहीत. आम्ही वर्षभर वाट बघतो. मग ते चित्र घरी येतं, कारण दुकानात जागा नाही आणि फेकायचा धीर मला होत नाही. त्यामुळे आमच्या घरात आमचा एकही फोटो नाही, पण परक्यांची जत्रा भरलीय. ही त्या सगळ्यांना नावाने ओळखते. माझ्या पलंगासमोर मिशीवाले काका. बोळात बोट, म्हणजे समुद्रातली. स्वयंपाकघरात कोणा पोराने काढलेला सहा पायांचा कुत्रा. जिन्यात वर घोड्यावरची बाई.

तर आज सकाळी डोळे उघडले, आणि मिशीवाले काका तिरके. थोडेथोडके नाही, एका अंगाने पार कलंडलेले, जणू खाली काय सांडलंय ते बघतायत. मी हिला हाक मारली.

"अगं, काकांना सरळ कर."

"हात साबणाचे आहेत. नंतर करते."

नंतर म्हणजे केव्हा? फ्रेमवाल्याला तिरकी फ्रेम बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी गेलो तरी चहा येईपर्यंत मी भिंती सरळ केलेल्या असतात. डोळे मिटले, तरी मिटल्या डोळ्यांना काका तिरकेच. शेवटी कुशीवर वळलो, पाय सोडले, उठलो, कपाटाला धरत धरत गेलो आणि एका बोटाने त्यांना सरळ केलं. काचेवर खालच्या कोपऱ्यात बोटांचे ठसे होते. ते बाहीने पुसले.

परत येऊन पडलो. पाठ दुखली, पण फार नाही. उठलो हे हिला सांगितलेलं नाही, उगाच डोक्यावर बसेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काका पुन्हा तिरके. काल होते, आजही. ही म्हणते, "धूळ पुसताना झालं असेल."

मला याचं नवल वाटतं. लग्न झाल्यावर मी हिला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की डाव्या हाताने लाकूड धरायचं, उजव्याने पुसायचं, आणि काचेला बोट लावायचं नाही. इतकी वर्षं हिने पुसलं, पण एक फ्रेम केसभर हलली नाही. आता रोज हलते, वर ठसे.

कपाट न धरता गेलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बोळातली बोट बुडायला टेकलेली. गेलो, वाचवली. पाठीत आधीसारखी कळ नाही, नुसतं आवळल्यासारखं. बोटीपाशी मला चक्क शीळ घालावीशी वाटली. घातली.

या घरात आताशा काही जागेवर नसतं. माझा चष्मा स्वयंपाकघराच्या खिडकीत सापडला. रेडिओ दुसऱ्या खोलीत. ही चहा करते आणि आणायला विसरते. तिथूनच ओरडते, "अहो, ओट्यावरच राहिला, घेता का येऊन?" लेकसुद्धा माझ्या फोनवर फोन करत नाही, आईच्या फोनवर करते, आणि आईचा फोन कायम घराच्या दुसऱ्या टोकाला. दिवसभर येरझारा चालू आहेत. आजारी माणसाला आराम म्हणून नाही.

दुकान फोनवरून चालवतो आहे. मेहुणा म्हणतो, "भावोजी, उंटावरून शेळ्या हाकू नका. शेळ्या व्यवस्थित आहेत." आज त्याने एका लग्नाच्या फोटोला जांभळा माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठा, लावला. शेळ्या व्यवस्थित नाहीत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पेपर आता दारात येत नाही, फाटकापाशी पडतो. आज पेपरवाल्याला गाठून जाब विचारला. तो म्हणाला, "काकूंनीच सांगितलं, फाटकापाशी टाकत जा म्हणून."

घरात येऊन हिला विचारलं. ही म्हणाली, "मी? छे! मी कशाला सांगेन?"

आणि माझ्याकडे न बघता पातेलं घासत राहिली. ते पातेलं स्वच्छ होतं.

मी पेपर उघडला, पण वाचवेना. हिने सांगितलंय हे नक्की, पेपरवाला कशाला खोटं बोलेल? म्हणजे हिला आठवत नाहीये. चहा विसरते. चष्मा कुठेही ठेवते. फ्रेमला हात कसा लावायचा तेही विसरली. या गोष्टी मी एकेक करून हसण्यावारी नेल्या. आज त्या ओळीने मांडल्या, आणि पेपर तसाच घडी करून ठेवून दिला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ही बाजारात गेल्यावर जिन्यातल्या घोड्यावरच्या बाई दिसल्या. घोड्यासकट उताराला लागलेल्या. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत वर गेलो. उतरलो, आणि कोणी ऐकायला नव्हतं म्हणून स्वतःलाच शाब्बास म्हणालो. मग हिची आठवण झाली आणि शाब्बासकीतला जीवच गेला.

संध्याकाळी शेजारच्या मास्तरीणबाई कुंपणाशी भेटल्या. निवृत्त आहेत, जगातलं सगळं त्यांना माहीत असतं. मी आवाज खाली करून विचारलं, "विसरायला व्हायची सुरुवात कशी असते हो?" मी हिचं सगळं सांगितलं. आधी त्यांचा चेहरा गंभीर झाला. फ्रेमांचं सांगितल्यावर मात्र त्या एकदम वळून आपल्या झाडांना पाणी घालायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. रडत असाव्यात. हिची त्यांची जुनी मैत्री आहे.

थोड्या वेळाने तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "फ्रेमवाले, असं काही नसेल हो. पण तुमच्या जिवाला घोर असेल तर एक करा. तिला रोज फिरायला न्या. चालण्याने डोकं तरतरीत राहतं. एकटीला मात्र सोडू नका."

२४ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. ही आत गेल्यावर त्यांनाही विश्वासात घेतलं. त्यांना जबर ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग म्हणाल्या, "नाही हो काका, काकूंना काही झालेलं नाही, खात्रीने सांगते." डॉक्टर लोक असं सांगतातच. पण मी फिरायला न्यायचं विचारलं तर लगेच हो म्हणाल्या. सपाट रस्त्याने न्यायचं, घाई करायची नाही, वाटेत बाकावर टेकायचं, रोज थोडं पुढे जायचं.

आज पहिल्यांदा नेलं. ही "मला कशाला फिरायला?" म्हणत होती. मी म्हटलं, "तुझ्यासाठीच तर." कोपऱ्यावरच्या औषधवाल्यापर्यंत गेलो आणि परत आलो. मी तिचा हात धरला होता. गेल्या कित्येक वर्षांत रस्त्यावर आम्ही असे चाललेलो नाही. मी पुढे आणि ही मागे पिशव्या घेऊन, असंच चालायचं. हिचा हात खरखरीत आहे, आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती.

पाठीचं काही विशेष नाही. तिच्याकडे लक्ष द्यायला वेळच झाला नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आता बागेपर्यंत जातो. बागेत बाक आहे, तिथे टेकतो. मी हिची परीक्षा घेतो, तिला कळू न देता. काल रात्री काय जेवलो? आपण कोणत्या दुकानावरून आलो? ही कधी बरोबर सांगते, कधी म्हणते, "जाऊ दे ना, बसा स्वस्थ." सांगता येत नसेल तेव्हाच असं म्हणत असणार.

ही हसते खूप. मला बरं वाटतं, मग लगेच भीती वाटते. पाठ दुखली तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. पाठीला निदान डॉक्टरीणबाई आहेत. एक दिवस ही मलाही त्या भिंतीवरच्या लोकांत धरील. म्हणेल, हे कोण? यांना न्यायला कोणी आलं नाही वाटतं.

३ मार्च, सोमवार

ठरवलं. दुकान विकायचं.

मला दिवसभर दुकानात बसून चालणार नाही. हिच्याजवळ कोणीतरी हवं, आणि लेक दुसऱ्या गावी, तिचा संसार आहे. तेव्हा मीच. मेहुण्याला बोलावून सांगितलं की गिऱ्हाईक बघ. तो पांढरा पडला.

"भावोजी, पाठ तर सुधारतेय ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यापासून अर्धा दिवस या."

"पाठीचं नाही रे. तुझ्या ताईचं आहे."

"ताईचं काय?"

सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "मी ताईशी बोलतो."

"खबरदार!" मी म्हटलं. "तिला कळता कामा नये."

पुढे तो आत पाणी प्यायला गेला, तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते. बिचाऱ्याचा ताईवर जीव आहे.

गिऱ्हाईक शोधायला वेळ लागला नाही. शेजारचा मोबाइलची कव्हरं विकणारा कधीपासून टपूनच बसलाय. मी फोन केला तर म्हणाला, परवा नाहीतर तेरवा येतो, बोलून टाकू. पडत्या फळाची आज्ञा. माझी कापायची यंत्रं, शिकंजे, लाकडाच्या पट्ट्यांची फडताळं, त्याला काहीच नको. नुसत्या भिंती हव्यात.

५ मार्च, बुधवार

काल आणि आज घरातली एकही फ्रेम तिरकी नाही.

चष्मा जागेवर. रेडिओ पलंगाशी. चहा हातात आणून दिला, आणि देताना ही म्हणाली, "बघा, आठवणीने आणला." मला गलबलून आलं. किती प्रयत्न करतेय बिचारी.

दुपारी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "मला विसरायला होत नाही," म्हणाली. "काय विचारायचं ते विचारा." मी विचारलं नाही, तरी तिनेच सुरू केलं. आमच्या लग्नात माझी आत्या तिच्या नाकाबद्दल काय बोलली. लेक झाली त्या दिवशी मी कोणता शर्ट उलटा घालून आलो. दुकानाच्या पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं आणि फक्त पत्ता विचारून गेलं. मी पेंटच्या हाताने तिची नवी साडी धरली तो डाग कुठे होता. माझे गुन्हे तर तिने तारीखवार मांडले. त्यातले काही मीही विसरलो होतो.

मी सगळं ऐकलं आणि मनात आणखी खचलो. कारण मास्तरीणबाईंच्या घरच्या एका म्हाताऱ्यांचं मला माहीत आहे. त्यांना लहानपणचं लख्ख आठवायचं आणि सकाळचं आठवत नसे. हेच तर लक्षण.

तसं मी हळूच म्हणालो. ती कपाळाला हात लावून बसली.

६ मार्च, गुरुवार

कव्हरवाला आज संध्याकाळी येणार होता. मी कपडे करून बसलो होतो.

ही आली, दार लावलं आणि उभ्या उभ्या म्हणाली, "जुनं नको ना तुम्हाला? मग अलीकडचं ऐका."

आणि बोलायला लागली. "पहिल्यांदा मिशीवाल्या काकांपाशी गेलात ते कपाटाला धरून. परत येताना दोनदा थांबलात, आणि उठलात हे मला सांगितलंही नाहीत. मग दोन दिवसांनी कपाट सोडलंत. बोटीपाशी गेलात तेव्हा शीळ घातलीत, पहिली ओळ बेसूर होती. कुत्र्याच्या चित्रापाशी तुमच्या हातातून पेन्सिल पडली. आधी घाबरून बघत राहिलात, मग त्या बाईंनी शिकवलं तसं गुडघ्यात वाकून उचललीत, आणि इकडेतिकडे बघितलंत, कोणी पाहिलं का म्हणून. पेपर आणायला गेलात त्या दिवशी फाटकाला धरून उभे राहिलात, ओठ पांढरे झाले होते. मला वाटलं, जास्त झालं, आता बास करावं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिथेच उभं राहून त्याच्याशी भांडलात, तेव्हा जिवात जीव आला. जिन्यात घोडेवालीपाशी गेलात तेव्हा मी बाजारात नव्हते गेले. दाराबाहेर रिकामी पिशवी घेऊन उभी होते. तुम्ही खाली उतरेपर्यंत श्वास घेतला नाही. उतरलात आणि स्वतःलाच शाब्बास म्हणालात. मला आत येऊन म्हणायचं होतं, पण येता येईना."

एवढं बोलून ती रडायला लागली. ती सहसा रडत नाही. माझ्या मयतालाही आधी सगळ्यांचा चहा करील, अशी आहे.

मी म्हटलं, "म्हणजे तुला हे सगळं आठवतंय? या महिन्याभरातलं?"

"तुमचं पाऊल न् पाऊल आठवतंय. आता त्या कव्हरवाल्याला फोन करा आणि येऊ नको म्हणा. माझ्यावर उपकार म्हणून दुकान विकलंत तर मी खरंच डोक्यावर परिणाम करून घेईन."

मी फोन केला. मेहुण्यालाही केला. तो फोनवर इतक्या मोठ्याने ओरडला की पाठीपर्यंत जाणवलं.

आज इतका आनंद झालाय की पेन्सिलीला टोक करायलाही उठायचं मन नाही. चालण्याचा गुण! मास्तरीणबाई म्हणाल्या ते खरं निघालं. रोज थोडं थोडं नेलं, घाई केली नाही, एकटीला सोडलं नाही, आणि हिचं डोकं पूर्वीसारखं झालं. माझ्या हातून काच फुटत नाही ती उगाच नाही.

एक गोष्ट मात्र विचारायची राहिली. ती दाराबाहेर रिकामी पिशवी घेऊन कशाला उभी होती?

७ मार्च, शुक्रवार

विचारलं. ही म्हणाली, "पैसे विसरले होते." मग जीभ चावली आणि म्हणाली, "एकदाच."

आणि फ्रेमा तिरक्या कशाने होत होत्या?

"ट्रक जातात, भिंती हलतात."

आमच्या गल्लीत ट्रक शिरत नाही. पण बरी झालेल्या माणसाला फार छळू नये.

१२ मार्च, बुधवार

अर्धा दिवस दुकान. मेहुण्याने माझ्यासाठी उंच स्टूल आणून ठेवलंय आणि भिंतीला पाटी लावलीय: "आरशाला हात लावण्यापूर्वी मला हाक मारा." पाटीची फ्रेम चांगली केलीय, कोपरे जुळलेत. जांभळा माउंट लावल्याबद्दल त्याला माफ केलं.

उभ्याने चौकटी जुळवतो, थोड्या वेळाने बसतो, परत उठतो. लाकडाचा वास आला आणि भूक लागली. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं की तुमचं म्हणणं काही बाबतींत बरोबर होतं. त्या म्हणाल्या, "कोणत्या बाबतीत?" मी म्हटलं, "माणूस चौकट नव्हे, या बाबतीत."

२२ मार्च, शनिवार

या आठवड्यात कामाची झुंबड होती. शाळेचे वर्गावर्गांचे फोटो आलेत. गुरुवारी आणि काल मी दिवसभर स्टुलावर बसून काच कापली आणि घरी आल्यावर फिरायला गेलो नाही. ही दोन्ही दिवस म्हणाली, "जायचं का?" मी म्हटलं, "दमलोय, आणि तू आता बरी आहेस." खुर्चीत बसलो तो जेवायलाच उठलो. आज सकाळी पाठ पुन्हा फळीसारखी झाली होती. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण मोजे घालताना तोंडातून आवाज निघाला असेल.

आज संध्याकाळी घरी आलो. खुर्चीत टेकणार, तोच समोर बघितलं. जिन्यातली घोड्यावरची बाई तिरकी.

गेलो वर. कठडा धरायला लागला नाही. एका बोटाने सरळ करणार, तेवढ्यात माझं लक्ष फ्रेमच्या वरच्या कडेकडे गेलं. कडेवर धूळ होती. अखंड, एकसारखी, कोणी फडकं फिरवलं नव्हतं. आणि खाली काचेवर, कोपऱ्यात, चार बोटांचे ठसे.

मी तिथेच पायरीवर बसलो.

जी पुसायला येते ती आधी वरची कड पुसते. जी कड पुसत नाही आणि काचेला बोट लावते, ती पुसायला आलेली नसते. एवढं साधं. फ्रेमवाला म्हणून आयुष्य गेलं, आणि मला हे कळायला दीड महिना लागला. बसल्या बसल्या सगळं डोळ्यांपुढून गेलं. आधी पलंगासमोर. मग बोळ. मग स्वयंपाकघर, मग फाटक, मग जिना. रोज जरासं पुढे. मला वाटत होतं मी हिला बागेपर्यंत नेलं.

आणि मी निघालो होतो दुकान विकायला.

आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग परत हसू. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज अगदी बंद झाला होता. ही ऐकत उभी असणार, श्वास धरून.

मी उठलो. बाईंना घोड्यासकट सरळ केलं. खिशातून रुमाल काढला, काच पुसायला. जन्मात मी काचेवर ठसा राहू दिलेला नाही, कोणाचाही नाही. थोडा वेळ त्या चार बोटांकडे बघितलं आणि रुमाल परत खिशात ठेवला.

खाली येऊन हाक मारली, "अगं, चल, फिरून येऊ. तुझ्या डोक्याला बरं असतं."

"आले," ती म्हणाली.

बाहेर आली तेव्हा चपला आधीच पायात होत्या.